बास्केटबॉलमध्ये टायमरने घड्याळ नेमकं कधी चालू करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाईच्या शालेय स्पर्धेत तुम्हाला टेबलावर टायमर म्हणून बसवलंय, इलेक्ट्रॉनिक बोर्ड नाही, हातात स्टॉपवॉच. पंचाने चेंडू वर उडवला की बटण दाबायचं, की शिट्टी वाजली की? आणि दुसऱ्या क्वार्टरला जंप बॉल (दोन खेळाडूंमध्ये चेंडू वर उडवून सुरुवात) का होत नाही?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घड्याळ थांबतं शिट्टीवर, पण चालू होतं स्पर्शावर. शिट्टीने घड्याळ कधीच चालू होत नाही. नवख्या टायमरच्या निम्म्या चुका इथेच होतात.

पहिला क्वार्टर जंप बॉलने सुरू होतो. चेंडू पंचाच्या हातातून सुटला त्या क्षणी नियमाने क्वार्टर सुरू झाला, पण घड्याळ नाही. उडी मारणाऱ्या दोघांपैकी एकाने चेंडू नियमाप्रमाणे टॅप केला की मगच बटण. मधल्या अर्ध्या-पाऊण सेकंदात फाऊल झाला, तर तो पहिल्या क्वार्टरचाच फाऊल आणि बाकी वेळ पूर्ण १०:००. म्हणून पंचाच्या हाताकडे पाहत बसू नका. चेंडू वर गेला की नजर जंपरच्या बोटांवर ठेवा. टॉस न करणारा दुसरा पंच उंच धरलेला हात टॅपच्या वेळी खाली कापल्यासारखा आणतो. तो इशारा तुमच्यासाठीच असतो.

'नियमाप्रमाणे' म्हणजे चेंडू सर्वांत उंच जाऊन खाली यायला लागल्यावर. वर जातानाच मारला तर उल्लंघन. समोरच्या संघाला सेंटर लाइनजवळून थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत देणं) मिळतो आणि तुम्ही बटण दाबलं असेल तर घड्याळ परत शून्यावर. एक जंपर जास्तीत जास्त दोनदा टॅप करू शकतो, आणि चेंडू जमिनीला किंवा बाकी आठांपैकी कुणाला लागेपर्यंत त्याला तो पकडता येत नाही. दोघांनीही टॅप न करता चेंडू खाली पडला तर टॉस पुन्हा. आपल्याकडे उघड्या सिमेंट कोर्टवर वाऱ्याने टॉस तिरका जाणं नेहमीचंच. पंच लगेच शिट्टी मारून परत बोलावतो. घड्याळ पुसायची तयारी ठेवा.

आता बाण, म्हणजे पुढचा थ्रो-इन कुणाचा हे दाखवणारी टेबलावरची खूण. टॅपनंतर ज्या संघाला कोर्टवर चेंडूचा ताबा मिळत नाही, त्याच्या नावावर पहिला बाण लागतो. पुढे दोघांच्या हातात चेंडू अडकला किंवा तो रिंग आणि बोर्डच्या मध्ये अडकला की पुन्हा उड्या नाहीत. बाण ज्याचा त्याला थ्रो-इन. दुसरा, तिसरा, चौथा क्वार्टर आणि प्रत्येक ओव्हरटाइमही असाच सुरू होतो. थ्रो-इन टेबलाच्या समोरच्या साइडलाइनवरून, खेळाडूचा एक पाय सेंटर लाइनच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. तिथून तो कोर्टवर कुठेही पास देऊ शकतो. चेंडू त्याच्या हातात आला की क्वार्टर सुरू. घड्याळ मात्र आतल्या खेळाडूला चेंडू लागल्यावरच. थ्रो-इन करायला मिळणारे पाच सेकंद पंच मोजतो, ते तुमचं काम नाही.

बाण उलटवायचा तो हा थ्रो-इन संपल्यावर, म्हणजे चेंडू आत कुणाला लागल्यावर. पंचाने चेंडू दिल्याबरोबर बाण फिरवायची घाई होते, आणि त्याच थ्रो-इनवर फाऊल झाला की टेबलावर भांडण. थ्रो-इन चालू असताना कोणत्याही संघाचा फाऊल झाला तरी ज्याचा बाण होता त्याचाच राहतो. हाफ टाइमला संघ बाजू बदलतात, म्हणून बाणाची दिशाही पंचांसमोर फिरवून घ्यायची. हे विसरलात तर तिसऱ्या क्वार्टरला चेंडू चुकीच्या संघाकडे जातो आणि आत कुणाला लागला की ती चूक दुरुस्त होत नाही. ज्याचा हक्क गेला त्याला पुढचा बाण मिळतो, एवढंच.

मध्येच चालू करायचं ते कधी? थ्रो-इन असेल तर आत स्पर्श झाल्यावर. शेवटचा फ्री थ्रो हुकला तर रिबाउंडला कुणाचा हात लागल्यावर. शेवटचा फ्री थ्रो पडला तर घड्याळ तसंच थांबलेलं, बेसलाइनवरून आत आलेला चेंडू कुणाला लागेपर्यंत.

आणि बास्केट पडलं की घड्याळ थांबवू नका! चौथ्या क्वार्टरची आणि ओव्हरटाइमची शेवटची दोन मिनिटं सोडली तर ते चालूच राहतं. एकच अपवाद: ज्या संघाने टाइम-आऊट मागून ठेवलाय त्याच्यावर बास्केट झालं, तर लगेच थांबवा. स्टॉपवॉच उलटं मोजत नाही, त्यामुळे चौथ्या क्वार्टरला ८:०० दिसलं की 'दोन मिनिटं' असं मोठ्याने सांगा, पंचाला ऐकू जाईल इतकं.

शॉट क्लॉकला (शॉट घ्यायला मिळणारी वेळ मोजणारं घड्याळ) वेगळा माणूस असेल तर त्याला एवढं सांगा: थ्रो-इनला दोन्ही घड्याळं एकाच स्पर्शावर चालू होतात, पण जंप बॉल आणि हुकलेल्या फ्री थ्रोला शॉट क्लॉक कोर्टवर ताबा आल्यावरच सुरू होतो. नुसता हात लागणं पुरेसं नाही.

टाइम-आऊट एक मिनिटाचा. त्यासाठी दुसरं घड्याळ घ्या, खेळाचं नव्हे. ५० सेकंदांना इशारा द्यायचा. पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन (त्यातले चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोनच), प्रत्येक ओव्हरटाइमला एक.

मोबाइलवर वेळ धरणार असाल तर एअरप्लेन मोड लावा आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ काढून टाका. मोबाइलवर लॅप आणि स्टॉपची बटणं शेजारी-शेजारी असतात, शिवाय दुपारच्या उन्हात तापून स्क्रीन मंद होते. तीस-चाळीस अंशांत साधं बटणाचं स्टॉपवॉचच बरं. टेबल असं लावा की ऊन पाठीवर येईल.

वेळ संपल्याचा इशारा द्यायला घंटा किंवा भोंगा घ्या. शिट्टी नको, खेळाडूंना ती पंचाची वाटते. भोंगा वाजला नाही तर उठा, हात हलवा, ओरडा. नियमाने पंचांना काहीही करून कळवायचं असतं.

शेवटच्या क्षणांत ०.३ सेकंद किंवा जास्त उरले असतील तर थ्रो-इनवरचा चेंडू पकडून शॉट घेता येतो, ०.२ किंवा ०.१ असतील तर फक्त टॅप किंवा थेट डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालणं). पण हाताने दाबलेल्या घड्याळात अंगठ्याचाच फरक तेवढा असतो. त्यामुळे चेंडू देण्याआधीच पंचाला उरलेला आकडा सांगून ठेवा.

सामन्याआधी एक प्रश्न आयोजकांना जरूर विचारा: क्वार्टर पूर्ण १० मिनिटांचा की कमी, आणि मधली वेळ किती? शालेय स्पर्धेत एका दिवसात बरेच सामने बसवायचे म्हणून यात काटछाट होते. नियमाने हाफ टाइम १५ मिनिटं, बाकी दोन-दोन मिनिटं. उशिरा येणाऱ्या संघाचंही आधीच ठरवून घ्या. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत संघ आला नाही किंवा पाच खेळाडू उतरवू शकला नाही तर सामना २०-० ने जातो. पण हिंगोलीहून येणारी एसटी वाटेत बंद पडली तर काय, हे त्या सकाळी टेबलावर ठरवायचा विषय नाही.