निळ्या झाकणाची नळी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू घाईत होतीस, त्यामुळे माझंही बोलणं अर्धवट राहिलं. त्या सत्तरीच्या आजींचा रिपोर्ट सोडू नकोस, दोन तास थांब, एवढंच सांगून मी फोन ठेवला. का थांबायचं ते सांगायचं राहिलंच. आता कोअ‍ॅग्युलेशनचं म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांचं टेबल कायमचं तुझ्याकडे आलं आहे म्हणतेस, तर बसून लिहावं म्हटलं. आजींकडे येते, पण आधी नळीबद्दल लिहू दे.

निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट, म्हणजे २.७ मिलिलिटर रक्ताला ०.३. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त पातळ राहतं. टेस्टच्या वेळी आपण मोजून कॅल्शियम परत घालतो आणि तिथून सेकंद मोजतो. नळीत रक्त कमी आलं की प्लाझ्मात, म्हणजे रक्तपेशी वगळून उरलेल्या द्रवात, सायट्रेट जास्त उरतं, आपण घातलेलं कॅल्शियमही ते गिळतं आणि धडधाकट माणसाचं रक्त उशिरा गोठतं. छापून आलेल्या आकड्याकडे बघून नळी अर्धी होती हे कुणालाही ओळखता येत नाही. ते फक्त नळी हातात घेणाऱ्याला दिसतं.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सहा वर्षांच्या मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं होतं. मूल हात ओढून घेत होतं, म्हणून जेवढं रक्त आलं तेवढंच वॉर्डातून पाठवलं होतं. नळी अर्धी आहे हे मला दिसलं होतं. दिसूनही मी ती चालवली, कारण ऑपरेशनची लिस्ट सकाळी दहाची होती. एपीटीटी, म्हणजे प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ, ५८ सेकंद आला, ऑपरेशन रद्द झालं. बाप ऊसतोडीवरून आलेला, परत गेला. आठ दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, नळी रेघेपर्यंत भरली, तेव्हा ३१ सेकंद. मधल्या आठ दिवसांत त्या आईनं पोराला अंगणातसुद्धा खेळू दिलं नव्हतं, कारण त्याला रक्ताचा आजार आहे असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. ते सांगणारी मीच होते. सही माझी होती.

म्हणून अर्धी नळी आली तर परत पाठव. वॉर्डातून फोन येईल, आवाज चढेल, तरी पाठव. परत पाठवताना कारण मात्र नीट सांग. पुढच्या वेळी सिस्टर आपणहून भरून पाठवतात, हा माझा अनुभव आहे. बटरफ्लाय सुईनं रक्त घेत असतील आणि निळी नळी पहिली असेल, तर आधी एक साधी नळी लावून टाकून द्यायला सांग. नाहीतर रबरी नळीतली हवा आत जाते आणि रक्त तेवढं कमी येतं. जन्मजात हृदयरोगाची निळसर मुलं येतात, त्यांचं रक्त दाट असतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ५५ टक्क्यांच्या वर असेल तर नळी पूर्ण भरूनही सायट्रेट जास्तच होतं, कारण आत प्लाझ्माच कमी. तिथे सायट्रेट कमी करून नळी वेगळी बनवावी लागते. सेंट्रिफ्यूजला लावण्याआधी नळी हलकेच आडवी-उभी करून आत गुठळी नाही ना ते बघ. आणि ‘नंतर करू’ म्हणून अख्खं रक्त फ्रिजमध्ये ठेवू नकोस. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं; थंडीनं फॅक्टर सात चेततो, फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर खाली जातात, आणि नसलेला आजार रिपोर्टवर उमटतो.

तुझ्याकडे आता मशीन आहे. तरी एक महिना रोज दोन सॅम्पल हातानं कर, असा माझा आग्रह आहे. काचेची नळी, ३७ अंशांवरचा वॉटर बाथ, हातात स्टॉपवॉच. प्लाझ्मा आणि रीएजंट, म्हणजे टेस्टचं द्रावण, गरम झालं की कॅल्शियम सोडायचं आणि घड्याळ दाबायचं. थोडा वेळ नळी पाण्यात तशीच राहू द्यायची, मग बाहेर काढून बाहेरचं पाणी पटकन पुसायचं आणि दिव्यासमोर हळूहळू तिरपी करत राहायची. पाण्यासारखं इकडून तिकडे जाणारं ते द्रव एका क्षणी अडखळतं. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एक धागा दिसतो, आणि पुढच्या वेळी नळी कलंडवली की सगळं जागेवर थिजलेलं असतं. तो धागा म्हणजे फायब्रिन. ते ज्यापासून बनतं ते फायब्रिनोजेन कमी असलेल्या रुग्णाची गुठळी किती लेचीपेची, कडा सोडून लोंबणारी असते, ते एकदा डोळ्यांनी पाहिलंस की मशीनवरचा आकडा तुला वेगळा वाचता येईल.

आकडा लांबला म्हणजे माणसाला रक्तस्राव होणारच, असंही नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला जॉन हेगमन नावाचा रेल्वेतला कामगार होता. ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेना, पण त्याला आयुष्यात कधी रक्तस्राव झाला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ साली त्याचं वर्णन केलं. फॅक्टर बारा तो हाच, आजही त्याला हेगमन फॅक्टर म्हणतात. तो गेला १९६८ मध्ये, फुप्फुसात गुठळी अडकून.

याच्या उलटही होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. एकदा नऊ दिवसांचं बाळ आलं होतं. नाळ गळून पडलेल्या जागेतून रक्त झिरपत होतं, दुपटी बदलून बदलून आजी दमली होती. पीटी (गोठण्याची वेळ मोजणारी दुसरी टेस्ट) नॉर्मल, एपीटीटी नॉर्मल, प्लेटलेट भरपूर. रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून निघालाही होता. आमच्या सरांनी फक्त विचारलं, आईबाप नात्यातले का? बाईला मामाच्या मुलाला दिलेलं होतं. सरांनी बाळाच्या प्लाझ्माची गुठळी करून पाच मोलर युरियात, म्हणजे युरियाच्या तीव्र द्रावणात, टाकायला लावली, शेजारी माझ्या प्लाझ्माची. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडून आधी रॅककडे गेले. माझी गुठळी तळाशी तशीच, पांढरट, घट्ट. बाळाच्या नळीत नुसतं पाणी. फॅक्टर तेरा फायब्रिनच्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालतो. तो नसला तरी गुठळी वेळेवर होते, पण टिकत नाही, आणि आपलं घड्याळ तर गुठळी झाली की थांबतं. या बाळांच्या डोक्यात रक्तस्राव व्हायचा धोका मोठा असतो. निदान झालं तर साधारण महिन्याकाठी क्रायो (प्लाझ्मापासून काढलेला, हा फॅक्टर असलेला भाग) किंवा फॅक्टर देऊन मूल वाढवता येतं, कारण हा फॅक्टर अंगात बरेच दिवस राहतो.

म्हणून विचारत जा. फॉर्मवर ‘ब्लीडिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. दात काढल्यावर किती वेळ रक्त आलं? गुडघा सुजतो का? मामाला असं काही होतं का? आणि मुलींना, बाजूला नेऊन, पाळीबद्दल. तुला हे विचारता येतं, म्हणून जास्त आवर्जून सांगते. एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये फिनलंडमधल्या ऑलंड बेटांवरच्या ज्या कुटुंबाची हकिकत लिहिली, त्यातली योर्डिस ही मुलगी चौथ्याच पाळीत रक्तस्राव होऊन गेली. आपल्याकडे ‘आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं’ म्हणून पोरी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात राहतात. हेही ध्यानात ठेव, की व्हॉन विलेब्रँड फॅक्टर ताणात, रडताना आणि गरोदरपणात वाढतो. घाबरलेल्या मुलीची एकच पातळी नॉर्मल आली म्हणून फाइल बंद होत नाही.

आयएनआरवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस ठरवायच्या आकड्यावर, लांबण लावत नाही, ते तुला येतं. रीएजंटचा नवा लॉट उघडलास की त्याचा आयएसआय, म्हणजे त्याच्या संवेदनशीलतेचा आकडा, मशीनमध्ये बदल, एवढं एक विसरू नकोस. हृदयाची झडप बदललेल्या माणसाची गोळी त्याच आकड्यावर कमी-जास्त होते.

पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा घोणस आणि फुरसं चावलेले येतील. घोणसचं विष फॅक्टर दहा आणि पाच यांना चेतवतं. अंगभर बारीक गोठणं सुरू होतं, त्यात फायब्रिनोजेन संपून जातं आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त. इथे मशीनची वाट बघायची नाही. नव्या, कोरड्या, साध्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि एकदाच कलंडवायचं. वाहिलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, प्रतिविषाचा निर्णय त्यावर असतो. नळी प्लॅस्टिकची नको आणि साबणानं धुतलेलीही नको. गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागानं होते, तोच बिघडला तर निरोगी रक्तही वाहतं आणि गरज नसताना प्रतिविष दिलं जातं. अशा डझनभर नळ्या डब्यात घालून कॅज्युअल्टीत आत्ताच ठेवून ये. रात्री दोन वाजता कुणालाही नळी सापडत नाही.

तुझ्या फ्रिजमध्ये ल्युपसच्या (नळीतलं गोठणं लांबवणाऱ्या एका अँटिबॉडीच्या) टेस्टची बाटली आहे ना, तिच्यातही घोणसचंच विष आहे, अगदी पातळ केलेलं. १९३४ मध्ये इंग्लंडात मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हेच विष हिमोफिलियाच्या जखमेवर रक्त थांबवायला वापरून पाहिलं होतं. मला अजून या गोष्टीचं नवल वाटतं.

आता आजी. अंगावर पसरलेले काळेनिळे डाग, आधी कधीच त्रास नाही, तीन बाळंतपणं सुखरूप. पीटी नॉर्मल, एपीटीटी ७८. नॉर्मल प्लाझ्मा निम्मा मिसळल्यावर एपीटीटी खाली आला, म्हणून तू फॅक्टरची कमतरता लिहायला निघालीस. पण सत्तराव्या वर्षी जन्मजात कमतरता अचानक कुठून येईल? फॅक्टर आठविरुद्ध शरीरानंच अँटिबॉडी तयार केली असेल, तर ती हळू काम करते. लगेच पाहिलं तर मिश्रण सुधारल्यासारखं दिसतं. तेच ३७ अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा लांबतं. आजींचा आणि नॉर्मल प्लाझ्मा वेगवेगळ्या नळ्यांतही तेवढाच वेळ ठेव आणि शेवटी मिसळून तुलना कर. नाहीतर नुसत्या उष्णतेनं कमी झालेला फॅक्टर आठ तुला फसवेल. नुसती कमतरता समजून प्लाझ्माच्या पिशव्या चढवत राहिले, तर अँटिबॉडी तो फॅक्टर निकामी करत राहील आणि डाग वाढतच जातील.

निकाल यायच्या आधीच वॉर्डात जाऊन सांग, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नको. रक्त पुन्हा घ्यावं लागलं तर तू स्वतः घे. बारीक सुई, एकाच प्रयत्नात, आणि नंतर दहा मिनिटं बोटानं दाबून त्यांच्याशेजारी बसून राहा. दोन तासांनंतरचे दोन्ही आकडे मला कळव, रात्री उशीर झाला तरी चालेल.

तुझ्या,
मॅडम