धडधड म्हणजे निकाल नव्हे

प्रश्न : सीईटीत पर्सेंटाइल बरे आहेत. घरच्यांना कॉम्प्युटर हवंय, मला मानसशास्त्र. प्रवेशफेरीचा (कॅप) फॉर्म उघडला की छातीत धडधडतं. म्हणजे इंजिनिअरिंग माझं नाहीच ना? (कोथरूड)

उत्तर : इतकं सरळ नाही. मुदत असलेला कुठलाही फॉर्म समोर आला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. मानसशास्त्राच्या फॉर्मसमोरही धडधडेल! तेव्हा पाच मिनिटं संथ श्वास घे, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. मग फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजात मानसशास्त्र शिकणाऱ्या दोघा-तिघांना गाठ आणि कंटाळवाणं काय ते विचार. संख्याशास्त्र असतं, प्रयोगांची जर्नलं असतात, आणि समुपदेशन करायचं तर एम.ए. तरी लागतं. हे ऐकूनही ओढ टिकली, तर घरी बोलायला हातात काहीतरी असेल.

प्रश्न : चार वर्षं नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. दोनदा मुख्य परीक्षेत अडकलो. ‘काय झालं?’ विचारतात म्हणून गावी जाणं सोडलं. अभ्यासिकेत बसतो, पान उलटत नाही.

उत्तर : पान अडलंय ते बहुतेक लाजेपायी. जागा राखून दिवसभर पुस्तकासमोर बसणं म्हणजे अभ्यास नव्हे, ती स्वतःला दिलेली शिक्षा आहे. खुल्या गटाला 38 पर्यंत वयोमर्यादा आहे, म्हणून 38 पर्यंत बसलंच पाहिजे असं कुठे आहे? आणखी किती प्रयत्न, हा आकडा आत्ता लिहून ठेवा. निकालाच्या रात्री ठरवू नका. दुसरी वाटही आजपासूनच चाचपा. क्लासमध्ये पेपर तपासणं, अर्धवेळ काम, काहीही. त्याने अभ्यास बुडत नाही, उलट ‘हे गेलं तर मी संपलो’ ही भीती सैल होते. वडिलांना फोन करून एवढंच सांगा : ‘अजून एक प्रयत्न करतोय, पुढचंही बघतोय.’ त्यांनाही नातेवाइकांना द्यायला उत्तर मिळेल.

मात्र दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर आकडे-बिकडे राहू द्या. 14416 वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर रूममेटला आजच सांगा, एकटे राहू नका.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. कलचाचणी करावी का? झोप मात्र माझीच उडालीय.

उत्तर : करा, पण एकदाच. ज्ञान प्रबोधिनीत अशा चाचण्या होतात. त्यातून क्षमता आणि आवड कळते, नोकरीचं नाव नाही. मनासारखं उत्तर येईपर्यंत तीन ठिकाणी फिरवू नका. अहवाल आधी तिला वाचू द्या. तुमच्या झोपेसाठी समुपदेशकाची वेगळी वेळ घ्या, तिच्या वेळेत तुमची काळजी घुसवू नका.