पेन्शन फंडाला कोळसा-तेलातून पैसे काढायला सभासद भाग पाडू शकतात का? भारतात हे जमेल का?

पाडू शकतात. मी नेदरलँड्समध्ये एका विद्यापीठात नोकरी करते, म्हणून माझा फंड एबीपी. सरकारी आणि शिक्षणक्षेत्रातल्या लोकांचा, देशातला सगळ्यात मोठा. वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते, नको म्हणायची सोय नाही. बाहेर पडता येत नाही म्हणूनच आत राहून भांडायचा हक्क आहे, असं माझं स्पष्ट मत.

एबीपी कित्येक वर्षं म्हणत होता की आम्ही भागधारक म्हणून आत राहूनच या कंपन्यांना सुधारतो. मग २६ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनीच जाहीर केलं की पुरेसा प्रभाव पडताना दिसत नाही, कोळसा, तेल आणि गॅस काढणाऱ्या कंपन्यांतली १५ अब्ज युरोंहून जास्त गुंतवणूक विकणार. साक्षात्कार वगैरे काही नाही. शिक्षक-प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं पत्रं आणि सह्यांनी पिच्छा पुरवला होता. त्यात मे २०२१ मध्ये हेगच्या कोर्टाने शेल या तेल कंपनीला कार्बन उत्सर्जन कमी करायचा आदेश दिला.

मीही कँटीनमध्ये सह्या गोळा करायला बसायचे. आमच्या प्रयोगशाळेतला निवृत्तीला आलेला एक तंत्रज्ञ मूळचा हेर्लेनचा. एबीपीचं मुख्यालय तिथेच आहे, कारण त्या भागातल्या कोळशाच्या खाणी १९६५ ते १९७४ या काळात बंद झाल्या आणि बदली रोजगार म्हणून सरकारने हे ऑफिस तिकडे हलवलं. त्याचे वडील खाणीत होते. "पर्यायी काम दिल्याशिवाय बंद करणार नाही म्हणाले होते," तो म्हणाला. "माझ्या बाबांना पेन्शनच्या ऑफिसात कोण टेबल देणार होतं?" अख्खी जेवणाची सुट्टी वाद घातला आणि सही न करता गेला. पण आक्षेप अस्सल होता. त्यानंतर प्रत्येक पत्रात मी कामगारांबद्दल एक परिच्छेद घालायला लागले.

आमच्या दादाचा आक्षेप मात्र अस्सल नाही. दादाने सगळी नोकरी एका सरकारी तेल कंपनीत, बॉम्बे हायवर काढली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. त्याचं पालुपद: "तू विकलेस की दुसरा घेतो. विहीर चालूच." आणि हे कमी पडलं की, "तुझी इंजिनिअरिंगची फी तेलातूनच भरली ना?" भरली, आणि ते मी कधी नाकारलं नाही. पण म्हणून माझ्या निवृत्तीचे पैसे कुठे लावायचे हे तेलाने ठरवायचं का? शिवाय दादाने कंपनीचे शेअर निवृत्त व्हायच्या आधीच फुंकून पनवेलला फ्लॅट घेतला. का, तर "तेलाच्या भावाचा काय भरवसा?" मग फंडाने तेच केलं तर तो परदेशी शहाणपणा कसा?

तेव्हा पत्र लिहाल तर ध्रुवीय अस्वलं बाजूला ठेवा. वीस-तीस वर्षांनी या कंपन्यांची किंमत काय राहील ते विचारा. 'आत राहून सुधारतो' असं उत्तर आलं, तर कधीपर्यंत, ते तारखेनिशी मागा. इथे फंडाच्या संचालक मंडळावर युनियनचे प्रतिनिधी असतात, त्यांना धरणं सगळ्यात उपयोगी पडलं.

भारतात ईपीएफओ, म्हणजे तुमचा पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था, २०१५ पासून ईटीएफमार्फत (अनेक कंपन्यांच्या शेअरचा एकत्र गठ्ठा) शेअरमध्ये पैसे घालते. त्यात सीपीएसई ईटीएफ हा सरकारी कंपन्यांचा गठ्ठाही आहे, म्हणजे इतरांबरोबर कोळशाची कोल इंडिया, तेलाची ओएनजीसी आणि विजेची एनटीपीसी. ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे दहा प्रतिनिधी असतात. मंत्र्यांना ट्विट करण्यापेक्षा तुमच्या युनियनचा माणूस तिथे आहे का ते शोधा. पहिली मागणी एवढीच ठेवा: आमचा किती पैसा कोळशात आहे ते दरवर्षी छापा. विक्रीची गोष्ट नंतर. तिथे सरकार स्वतःच या कंपन्यांचं मालक आहे, त्यामुळे इथल्यापेक्षा फार अवघड जाणार.

एक राहिलं. शेअर विकल्याने विहीर बंद होत नाही, एवढं दादाचं बरोबर आहे. शेलविरुद्धचा तो आदेशही नोव्हेंबर २०२४ मध्ये अपिलात रद्द झाला. आणि रागाच्या भरात स्वतःचा पीएफ काढू बिढू नका, त्याने कोल इंडियाला काही फरक पडणार नाही.