पहिल्यांदाच हजला जातोय, सोबत वयस्कर आई-वडील आहेत. तयारी नेमकी कशाची करावी?

अस्सलामु अलैकुम ताई. तुम्ही लिहिलंय की आईचे गुडघे दुखतात, वडिलांना साखर आहे, सामानाच्या याद्या ढीगभर मिळाल्या पण ‘खरोखर कामाला काय येतं’ हे कुणी सांगत नाही. मी 2024 साली अम्मीला घेऊन हज केला. तेव्हा अम्मीचं वय सत्तरीच्या पुढे होतं, म्हणून तुमचा प्रश्न माझाच वाटला.

एका वाक्यात सांगायचं तर, फर्ज (जे केल्याशिवाय हज होतच नाही) काय, वाजिब (जे जरुरीचं, पण चुकलं तर भरपाई करता येते) काय आणि काय सोडलं तरी चालतं, हे तिघांनीही घरूनच पक्कं शिकून जा. सामान तिथे विकत मिळतं. आईच्या अंगातली ताकद मिळत नाही, आणि ती पाच-सहा दिवसांसाठी राखून ठेवायची असते.

आम्ही नेमकं इथेच चुकलो. मक्केत पोचलो तेव्हा हजला आठवडाभर बाकी होता. उमरा (हजहून छोटी यात्रा) झाला, एहराम (यात्रेची खास बंधनं, पुरुषांना दोन चादरी) उतरला. आमच्या गटातले लोक रोज तनईमला, म्हणजे मस्जिद-ए-आयशाला जाऊन पुन्हा एहराम बांधायचे आणि आणखी एक उमरा करायचे. आजोबांच्या नावाचा, मावशीच्या नावाचा. अम्मीलाही वाटलं, पुन्हा कधी येणार? मीही अडवलं नाही. तिसऱ्या उमऱ्यानंतर तिचा गुडघा सुजला आणि 8 जिलहिज्जाला (इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना; पुढच्या तारखाही याच महिन्याच्या), हज सुरू होतो त्या दिवशी, ती मक्केजवळच्या मिनाच्या तंबूत लंगडतच शिरली. ज्या फर्जसाठी आयुष्यभर वाट पाहिली, त्यासाठी पाय उरले नव्हते. हजच्या आधीच्या दिवसांत हरममध्ये, म्हणजे काबाभोवतीच्या मोठ्या मशिदीत, नमाज पढा, काबा बघत बसा, झोपा. आईला प्रत्येक नमाजेला हरमपर्यंत चालवत नेऊ नका, मुक्कामाच्या जवळच्या मशिदीतही नमाज होते. हे सांगताना मन कचरतं, पण सांगायलाच हवं.

हजरे अस्वदचंही, म्हणजे काबाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाचंही, तसंच. त्याला ओठ लावणं सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे, पण त्यासाठी माणसांना ढकलणं गुनाह आहे. लांबून हात उंचावून इशारा केला की झालं. पैगंबर (स.) यांनी स्वतः उंटावर बसून तवाफ (काबाभोवती सात फेरे) केला होता आणि हातातल्या काठीने त्या दगडाला स्पर्श केला होता. त्यांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा आजारी होत्या, तेव्हा ‘लोकांच्या मागून, स्वारीवर बसून तवाफ कर’ असं त्यांना सांगितलं गेलं. व्हीलचेअरवर बसायला अम्मीला फार संकोच वाटत होता. ही हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) ऐकवली तेव्हा ती निमूटपणे बसली. तुमच्या आईला ती आत्ताच ऐकवा, तिथे पोचल्यावर नको.

आता चालण्याबद्दल. सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात खेपा म्हणजे साधारण तीन किलोमीटर, त्याही फरशीवर आणि अनेकदा अनवाणी. तवाफ खाली मताफमध्ये, म्हणजे काबाभोवतीच्या अंगणात, मिळाला तर फेरा छोटा असतो, पण गर्दीमुळे वरच्या मजल्यावर पाठवलं तर तोच फेरा कितीतरी पट लांबतो. मिनातल्या तंबूपासून जमरात, म्हणजे खडे मारायचे खांब, किती लांब असेल, ते तंबू कुठे मिळतो त्यावर ठरतं. जाऊन-येऊन काही किलोमीटर धरूनच चाला, आणि तेही 10, 11 आणि 12 तारखेला रोज. त्यामुळे निघण्याच्या किमान तीन महिने आधीपासून रोज चालायला लागा. तिथे जी चप्पल घालणार तीच घालून चाला. नवी चप्पल नेणाऱ्या माणसाचे पाय पहिल्याच दिवशी फुटतात. पुरुषांची चप्पल घोटे उघडे राहतील अशी हवी, म्हणून वडिलांची चप्पल लवकर घ्या आणि घरी वापरून मऊ करा.

वडिलांना साखर आहे म्हणून हे वेगळं सांगते. रोज रात्री त्यांचे तळवे स्वतः बघा. साखरेच्या माणसाला फोड आलेला कळत नाही आणि तिथे जखम चिघळायला वेळ लागत नाही. मताफची संगमरवरी फरशी उन्हातही थंड राहते, पण हरमच्या बाहेर पाऊल टाकलं की रस्ता पोळतो. चपला दाराशी काढून ठेवल्या तर परत मिळतीलच असं नाही, त्यामुळे पाठीवर अडकवायच्या छोट्या पिशवीत त्या कायम जवळ असू द्या. एवढं चालल्यावर साखर एकदम खाली येऊ शकते. किती चालणार आहात ते डॉक्टरांना आधीच सांगून गोळ्यांचं किंवा इन्सुलिनचं प्रमाण विचारून घ्या. खिशात गोड काहीतरी हवंच. औषधं दोन वेगळ्या बॅगांमध्ये विभागून न्या आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव तिथे कुणाला कळेलच असं नाही.

उन्हाला कमी लेखू नका. आमच्या वर्षी मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला होता. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले आणि त्यातले बहुतेक जण परवान्याशिवाय आलेले होते. ना तंबू, ना बस, भर उन्हात मैलोन् मैल पायपीट. म्हणून कुणी ‘दुसऱ्या व्हिसावर हज करून देतो’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. नुसुकचं, म्हणजे सौदीच्या अधिकृत हज परवान्याचं, ओळखपत्र गळ्यात असल्याशिवाय मिना आणि अराफातच्या मैदानाच्या हद्दीत जायचं नाही. चांद्र वर्षामुळे हज दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे 2026 पासून तो जूनमधून बाहेर पडतो, पण मे महिनाही तिथे भाजूनच काढतो. एहराममध्ये पुरुषांना डोकं झाकता येत नाही, छत्री मात्र चालते. फिकट रंगाची छत्री, पाण्याचा फवारा मारायची बाटली आणि ओआरएसची पाकिटं घ्या. आणि ताई, बायका संडासच्या रांगेच्या भीतीने पाणीच पीत नाहीत. अम्मीने अराफातला हेच केलं आणि दुपारी तिला गरगरायला लागलं. आईच्या हातात दर अर्ध्या तासाने पाणी द्या, तिच्या ‘नको’वर जाऊ नका.

लसींचं थोडक्यात. मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस सक्तीची आहे आणि ती पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली लागते. आई-वडिलांना फ्लूचीही द्या. तरी हजचा खोकला बहुतेकांना गाठतोच, मास्क भरपूर न्या.

एहरामचे नियम आलिमांकडून (धर्माच्या जाणकारांकडून) शिकालच. गडबड होते ती छोट्या गोष्टींत. सुगंधी साबण, सुगंधी टिश्यू, वासाचं व्हॅसलीन यांपैकी काहीच एहराममध्ये चालत नाही, म्हणून बिनवासाचं सगळं वेगळ्या पिशवीत भरा. व्हॅसलीन मात्र न्याच. एवढं चालून मांड्या सोलवटतात आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही. नखं, केस आदल्या दिवशीच आवरा. विमान थेट जेद्दाहला उतरणार असेल तर मीकात, म्हणजे जिच्या पुढे एहरामशिवाय जायचं नाही ती हद्द, हवेतच येते, तेव्हा एहरामची वस्त्रं वडिलांना विमानात बसण्याआधी नेसवा आणि मीकात यायच्या आत नियत (संकल्प) आणि तलबिया (‘लब्बैक’ची प्रार्थना) होऊ द्या. वस्त्रं मोठ्या बॅगेत टाकून ती सामानात पाठवण्याची चूक दर वर्षी कुणीतरी करतं. आधी मदीना असेल तर हा प्रश्न येत नाही, तिथून मक्केला निघताना जुलहुलैफा ही मीकात वाटेतच लागते. दोन चादरी नेसून बसणं, उठणं, वुजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) करणं याची वडिलांकडून घरी दोन-तीनदा सवय करून घ्या. तुम्ही आणि आईने नेहमीचे ढिले कपडेच घालायचे, फक्त चेहऱ्याला नकाब आणि हातात मोजे नकोत.

तुमच्यासाठी एक गोष्ट, जी आमच्या गटात कुणी उघडपणे बोललं नाही. हजच्या दिवसांत पाळी आली तर घाबरू नका. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांना मक्केजवळ सरिफला पाळी आली आणि त्या रडू लागल्या, तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले की ही तर अल्लाहने आदमच्या लेकींसाठी लिहिलेली गोष्ट आहे, हाजी जे जे करतो ते सगळं कर, फक्त तवाफ करू नकोस. म्हणजे मिना, अराफात, मुजदलिफातली रात्र, रमी (जमरातला खडे मारणं), दुआ सगळं होतं. तवाफ-ए-जियारत, म्हणजे अराफातनंतरचा तवाफ, मात्र पाक झाल्यावरच, आणि तो फर्ज आहे, त्यामुळे परतीची तारीख बघताना मध्ये काही दिवस मोकळे राहतील असं पाहा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना भेटा. ऐन वेळी कुणाच्या तरी डबीतली गोळी घेऊ नका.

आता अराफात. ‘हज म्हणजे अराफात’ अशी हदीस आहे. 9 तारखेला दुपार ढळल्यापासून सूर्यास्तापर्यंत तिथे थांबणं हाच या प्रवासाचा गाभा. जबल-ए-रहमत या टेकडीवर चढायची गरज नाही, अख्खं मैदान अराफातच आहे. मात्र नमिरा मशिदीचा पुढचा भाग अराफातच्या हद्दीबाहेर येतो. तिथे नमाज झाली की हद्दीच्या पिवळ्या पाट्या बघून आत या, आणि सूर्य मावळण्याआधी बाहेर पडू नका. आदल्या रात्री मिनात आई-वडिलांना लवकर झोपवा. दुआंची एक छोटी वही न्या, ज्यांनी ज्यांनी ‘माझ्यासाठी दुआ करा’ म्हटलं त्यांची नावं तीत लिहा. अरबी दुआ येत नाहीत म्हणून आई हिरमुसू नये. मी सगळी दुआ मराठीत मागितली. लहानपणी अम्मीजवळ हट्ट करायचे त्याच भाषेत अल्लाहजवळ मागितलं, आणि रडू आवरेना. तंबूतल्या एका कोपऱ्यात अम्मी पुटपुटत होती. कान देऊन ऐकलं तर ती आमच्या शेजारणीच्या मुलाच्या परीक्षेसाठी मागत होती. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

सूर्यास्तानंतर मुजदलिफा, म्हणजे अराफात आणि मिनाच्या मधलं मैदान. अंतर दहा किलोमीटरच्या आत आहे, पण बस तासन् तास अडकते. निघण्याआधी वुजू, संडास, खाणं उरकून घ्या. रात्र उघड्यावर असते, एक हलकी चटई आणि हवेची उशी पुरते. मगरिब आणि इशाच्या नमाजा तिथे पोचल्यावर एकत्र. रमीचे खडे हरभऱ्याएवढेच, मोठे नकोत: 10 तारखेला सात, मग रोज एकवीस. 12 ला निघणार असाल तर एकूण 49, 13 पर्यंत थांबलात तर 70. चार-पाच जास्त ठेवा, हातातून पडतात. म्हाताऱ्या आणि दुबळ्या माणसांना रात्रीच पुढे निघायची सवलत आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत सौदा यांनी गर्दीच्या आधी निघायची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली. रमीही भर गर्दीत करायची गरज नाही. दुबळ्यांनी रात्री केलेली चालते, आणि जो खरोखरच जाऊ शकत नाही त्याच्या वतीने दुसरा करू शकतो. कुणाला कितपत सवलत, आणि 10 तारखेला रमी, कुर्बानी, केस यांचा क्रम किती काटेकोर, यावर वेगवेगळ्या मजहबांत (इस्लामी कायद्याच्या परंपरांत) फरक आहे. आई-वडिलांची तब्येत सांगून आपल्या आलिमांकडून निघण्याआधीच उत्तर लिहून घ्या. मिनात रात्री बारा वाजता दहा जण दहा मसले सांगतात आणि म्हातारं माणूस उगीच भेदरतं.

मिनात सगळे तंबू एकसारखे. पोचल्या पोचल्या तंबूच्या क्रमांकाचा आणि जवळच्या खांबाचा फोटो काढा. आई-वडिलांच्या गळ्यात तुमचा नंबर लिहिलेला कागद असू द्या, कारण गर्दीत फोन लागत नाही. हरममध्ये दाराच्या क्रमांकावरून भेटायची जागा ठरवा आणि ‘हरवलात तर तिथून हलायचं नाही’ हे घटवून घ्या.

कर्ज, अमानत (लोकांच्या ठेवी), वसियत (मृत्युपत्र) आणि ज्यांचं मन दुखावलं त्यांची माफी हे सगळं निघायच्या आठवडाभर आधी उरका, शेवटच्या दिवशी फोनवर घाईघाईत नको. कुरआनात हजच्या दिवसांत भांडणाला स्पष्ट मनाई आहे. ते वाचताना सोपं वाटतं. बस चार तास उशिरा येते, कुणीतरी आपली गादी घेतं, तेव्हा जीभ आवरणं फार अवघड जातं. तुम्हा तिघांमध्ये आधीच एक शब्द ठरवून ठेवा. आमचा ‘लब्बैक’ होता. कुणाचा आवाज चढला की दुसऱ्याने तेवढंच म्हणायचं.

आईच्या व्हीलचेअरचं मात्र आज ठरवू नका. आज संध्याकाळपासून तिला चालायला घेऊन जा आणि किती मिनिटांनी तिला बसावंसं वाटतं ते महिनाभर लिहून ठेवा. अर्ध्या तासाच्या आत बसायला लागत असेल तर घडीची हलकी खुर्ची स्वतःची न्या. हरममध्ये खुर्च्या मिळतात, पण मिनातल्या तंबूपासून जमरातपर्यंत आपलीच लागते.