पाय मोडलेलं पिल्लू घरी सांभाळायचंय, जमेल का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आमच्या सोसायटीत पावसात एक मांजरीचं पिल्लू गाडीच्या बॉनेटमध्ये शिरून बसलं होतं, सकाळी गाडी चालू केली आणि मागचा पाय मोडला. एका शेल्टरने त्याला नेलं, एक्सरे काढला, गुडघ्याखालचं हाड मोडलंय म्हणाले आणि स्प्लिंट बांधलंय. पण त्यांच्याकडे जागा नाहीये, महिना-दीड महिना कोणी घरी फॉस्टर करेल का विचारतायत. पिल्लू साधारण ६ आठवड्यांचं आहे. आमच्याकडे ४ वर्षांचा बोका आहे, आम्ही दोघं नोकरीवर, घरी सासूबाई असतात. त्या म्हणतात आणा, पण पिंजऱ्यात कोंडणार असाल तर नको, पाप लागेल. काय करू?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, आणा. घरी दिवसभर माणूस आहे हीच तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू, बाकीचं शिकता येतं.

आधी शेल्टरची बाजू सांगतो, म्हणजे ते मागे का लागलेत ते कळेल. तिथे रोज नवीन जनावर येतं, कुणाला सर्दी, कुणाला जुलाब, आणि या वयात आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागलेली असते, लस मात्र अजून पुरती झालेली नसते. या मधल्या काळात पिल्लांना पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा रोग होतो, उलट्या, जुलाब, आणि धडधाकट दिसणारं पिल्लू दोन दिवसात जातं. पाय बरा होत आलेलं पिल्लू या रोगाने गेलेलं बघणं फार जिव्हारी लागतं. त्यामुळे अशा पिल्लाला कुणाच्या तरी घरातली एक शांत खोली मिळणं हाच अर्धा उपचार आहे.

आता सासूबाईंचा मुद्दा, कारण सगळं त्याच्यावरच अडतं. त्यांना सांगा की पिंजरा म्हणजे त्या पायाचं प्लास्टरच आहे. एवढ्या लहान वयात हाड फार पटकन जुळतं, तीन-चार आठवड्यात सुद्धा, पण ते हललं नाही तर. आणि गंमत अशी की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी झालं की पिल्लू स्वतःला बरं समजायला लागतं, सोफ्यावर चढायला बघतं, पडद्याला लटकतं, आणि नेमकं तेव्हाच स्प्लिंट सरकतं आणि हाड वाकडं जुळतं. मग ऑपरेशन, कधी कधी पाय काढायची वेळ. म्हणून साधारण ३ फूट बाय २ फूट पिंजरा, आत वर चढण्यासारखं काहीही नको, एका कोपऱ्यात शी-लघवीसाठी कमी काठाचा ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या सुती चादरीची घडी (टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात आणि ते पाय ओढतं). सासूबाईंनी पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसावं, बोलावं, मांडीवर घेऊन कुरवाळावं, त्यात काहीच अडचण नाही, फक्त जमिनीवर मोकळं सोडायचं नाही. त्याला माणसाची सोबत मिळाली की ते पिंजऱ्यात छान झोपतं हो.

ट्रेमध्ये ओली झाली की गोळा होणारी लिटर (मांजराच्या शी-लघवीची वाळू) वापरू नका, एवढी लहान पिल्लं ती खातात आणि ती पोटात फुगते. फाडलेले पेपर चालतात, स्प्लिंटही कोरडं राहतं.

रोज दोन वेळा पाय बघायचा, हे काम एकाच माणसाने करावं म्हणजे फरक लक्षात येतो. स्प्लिंटच्या खालून बोटं बाहेर दिसतात ना, त्यातल्या मधल्या दोन बोटांची नखं एरवी जवळजवळ समांतर असतात. ती एकमेकांपासून फाकलेली दिसली तर समजा आत सूज चढतेय आणि पट्टी आवळतेय. बोटं गार लागणं, पट्टीला वास येणं, पट्टी ओली होणं, पिल्लाने एकाच जागी सारखं चावत सुटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही. घट्ट झालेल्या पट्टीने रक्तपुरवठा बंद होऊन पाय गेलेला मी पाहिलाय, आणि तो मोडलेल्या हाडापेक्षा वाईट असतो. पिल्लू वाढतंय म्हणजे पट्टीही लहान होणार, त्यामुळे साधारण आठवड्याला ती बदलायला न्यावंच लागेल, हे ऑफिसच्या सुट्ट्यांमध्ये धरून ठेवा.

गाडीचा मार बसलेला असल्याने पहिले काही दिवस अजून दोन गोष्टी. लघवी आणि शी होतेय ना, कारण शेपटीला किंवा कंबरेला मार असेल तर तिथल्या नसा काम करत नाहीत आणि लघवी तुंबते. आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर धावतच दवाखाना गाठा, छातीत मार असू शकतो.

खायला. दूधपोळी आणि दूधभात बंद, सासूबाईंना प्रेमाने सांगा. गाईच्या दुधाने जुलाब होतात हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं, पण दुसरी गोष्ट कमी माहीत असते, नुसतं उकडलेलं चिकन किंवा नुसता मासा सुद्धा पुरत नाही. मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, वाढणारं पिल्लू मग स्वतःच्याच हाडातलं ओढून घेतं, हाडं कागदासारखी पातळ होतात आणि उडी मारली तरी मोडतात. अशी पिल्लं आमच्याकडे येतात आणि मालक शपथेवर सांगतात की आम्ही रोज चिकन देतो हो! तुमच्या पिल्लाला तर मोडलेलं हाड भरून काढायचंय. तेव्हा पिल्लांसाठी मिळणारं तयार खाणं, ओलं, किंवा कोरडं असेल तर कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. आमटी-रस्सा चाटवायचा नाही, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा, दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढत असेल तर गाडी रुळावर आहे. दोन दिवस वजन वाढलंच नाही, किंवा अर्धा दिवस काही खाल्लं नाही, तर फोन करा. एवढ्याशा जिवाची साखर फार लवकर उतरते.

दुखतंय की नाही ते मांजर ओरडून सांगत नाही. चेहरा बघायला शिका : कान बाजूला फाकलेले, डोळे अर्धे मिटलेले, तोंडाभोवतीचे स्नायू ताणलेले, मिशा सरळ ताठ, मान खांद्याच्या खाली. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये याच पाच खुणांवर मोजपट्टी बनवली आणि आता दवाखान्यांमध्ये ती वापरतात. असा चेहरा दिसला तर डॉक्टरांकडून वेदनेचं औषध वाढवून घ्या. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम काहीही देऊ नका, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. त्यातलं पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात नीट नसते, रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, अर्ध्या गोळीत मोठं मांजर मरू शकतं, हे तर पिल्लू.

बोक्याचं म्हणाल तर निदान दोन आठवडे वेगळी खोली, दार बंद, भांडी वेगळी, हात साबणाने धुवूनच बोक्याला हात लावायचा. सॅनिटायझरवर विसंबू नका, पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूवर त्याचा भरवसा नाही आणि तो घरात वर्षभर टिकू शकतो. बोक्याच्या लसी झाल्यात का ते आजच फाईल काढून बघा, राहिल्या असतील तर आधी त्या. फरशी साबणाने पुसून मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसा. फिनाईल आणि डेटॉल नको, पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं आणि विषबाधा होते. पिल्लाची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांना, म्हणजे आत्ताच, मग दर तीन-चार आठवड्यांनी १६ आठवडे होईपर्यंत.

आणि घरी आणायच्या आधी शेल्टरकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको : खर्च कोणाचा, रात्री काही झालं तर कुठला दवाखाना, पाय वाचला नाही तर निर्णय कोण घेणार, आणि महिनाभराने ते परत नेणार की घर शोधायचं काम तुमच्या गळ्यात. चांगल्या लोकांमध्येही नंतर याच्यावरून कटुता येते. पाय काढायची वेळ आलीच तर घाबरू नका, तीन पायांची मांजरं धावतात, चढतात, उंदीरसुद्धा मारतात.

प्रश्न : सर, मी कॉलेजला आहे, शेल्टरमध्ये व्हॉलंटियर म्हणून जातो. परवा जखमी पिल्लाला औषध पाजताना त्याने हाताला ओरबाडलं, थोडं रक्त आलं. सगळे म्हणतात एवढुसं पिल्लू आहे, काही होत नाही. इंजेक्शन घ्यायला हवं का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : घ्यायला हवं, आणि हे वाचतोयस तोपर्यंत घेतलं नसशील तर आजच. पिल्लू किती लहान आहे याच्याशी रेबीजला काही देणंघेणं नाही, रस्त्यावरून आलेलं आहे आणि त्याला आधी कोणी चावलं होतं का हे कोणालाच माहीत नाही. पुढच्या वेळी लगेच नळाखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची (घड्याळ लावून, १५ मिनिटं खूप वाटतात), हळद-तिखट-चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. तिथे लस मोफत असते. रक्त आलंय म्हणजे लसीबरोबर जखमेत सिरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते तू स्वतः विचारून घे. पहिल्या डोसचा दिवस ० धरून, लस दंडात घेतली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, कातडीत घेतली तर ०, ३, ७, २८. मधला एकही डोस चुकवू नकोस, परीक्षा असली तरी. आणि शेल्टरचं काम चालू ठेवणार असशील, जे तू नक्की ठेव, तर त्यांच्या सगळ्या व्हॉलंटियर्सनी चावा बसायच्या आधीच घ्यायची रेबीजची लस घ्यावी म्हणून मागे लाग.

प्रश्न : आम्ही भाजलेलं पिल्लू दोन महिने सांभाळलं, आता बरं झालंय आणि घर मिळालंय. मुलगी रडतेय, मलाही देववत नाहीये. ठेवून घेऊ का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ठेवलंत तरी कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण दोन महिने भाजलेल्या जखमांचं ड्रेसिंग करू शकणारं घर फार दुर्मिळ असतं, आणि बरं झालेलं पिल्लू घेणारी घरं त्या मानाने खूप असतात. म्हणून माझं मत, द्या. मुलीला बरोबर न्या, ते घर तिला बघू दे, खिडक्यांना जाळी आहे का ते तिलाच तपासायला सांगा आणि जाळी नसेल तर बसल्याशिवाय पिल्लू देऊ नका. त्याची रोजची चादर न धुता पाठवा, पहिले काही दिवस सध्याचंच खाणं द्यायला सांगा, भाजलेल्या जागी केस आले नसतील तर तिथे ऊन लागू द्यायचं नाही हेही सांगा. आणि मादी असेल तर नसबंदीची तारीख आत्ताच ठरवून त्यांच्या कागदावर लिहा, कारण चार-पाच महिन्यांची मादी सुद्धा गाभण राहते. बरीच शेल्टर्स हे ऑपरेशन स्वतःच किंवा कमी पैशात करून देतात, विचारून घ्या.