जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकताना रिकामी जागा 'अनयुजेबल' का दाखवतं?

तुमचा प्रॉब्लेम असा की विंडोज ७ वाल्या लॅपटॉपवर सी ड्राईव्ह कमी करून ६० जीबी मोकळे केले तरी मिंटचा इन्स्टॉलर त्याला 'अनयुजेबल' म्हणतोय, आणि दुकानदार सांगतोय हार्डडिस्क गेली, नवीन घ्या. लगेच पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची तपकीर गल्ली गाठू नका, डिस्क बहुतेक ठणठणीत आहे.

त्या काळच्या मशीनवर एमबीआर या जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल (डिस्कचे कप्पे, म्हणजे पार्टिशन, कुठून कुठपर्यंत आहेत याची यादी) असतं आणि त्यात फक्त ४ प्रायमरी पार्टिशनच्या नोंदी बसतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्या चारही नोंदी कंपनीकडूनच भरून येतात, १०० एमबीचं सिस्टिम रिझर्व्ड, सी, रिकव्हरी (विंडोज परत टाकायला कंपनीने दिलेली प्रत) आणि एखादं टूल्सचं, म्हणजे जागा आहे पण पाचवी नोंद करायला घर नाही. पेनड्राईव्हवरून लाईव्ह मिंट (इन्स्टॉल न करता) चालू करून जीपार्टेड हे पार्टिशन बघायचं-बदलायचं अ‍ॅप उघडा, एसडीए१ ते एसडीए४ (एसडीए म्हणजे लिनक्समधलं अख्ख्या डिस्कचं नाव, पुढचा आकडा पार्टिशनचा) सगळी प्रायमरी दिसली की समजा हेच आहे. तिथेच 'डिस्क्स' अ‍ॅपमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट, पण बघून घ्या, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) शून्याच्या वर असतील तर मात्र दुकानदाराचं ऐका.

आता महत्त्वाचं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्या मोकळ्या जागेत नवीन व्हॉल्यूम करायला जाऊ नका, ते डायनॅमिक डिस्क (विंडोजची स्वतःची वेगळी पद्धत) करू का असं विचारतं आणि आपण घाईत येस दाबतो, मग लिनक्स टाकणं फारच किचकट होऊन बसतं. मिंटच्या इन्स्टॉलरमधलं 'इरेज डिस्क' पण नको, ते अख्खी डिस्क पुसतं, घरच्यांचे फोटो गेले की परत मिळतील याची काही गॅरंटी नसते, म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, मगच पुढचं.

मी असतो तर रिकव्हरीच्या डीव्हीडी बनवून ते रिकव्हरी पार्टिशन उडवलं असतं, म्हणजे चारातली एक नोंद मोकळी होते. सिस्टिम रिझर्व्डला हात लावू नका, विंडोज तिथूनच बूट होतं. रिकव्हरी साधारण सीच्या मागेच असतं त्यामुळे तुमच्या ६० जीबीला ती जागा लागून मिळते, मग त्या अख्ख्या जागेचं एक एक्सटेंडेड पार्टिशन करा (ते एकच नोंद घेतं, पण आत बरीच पार्टिशन मावतात) आणि त्याच्या आत लॉजिकल, म्हणजे ही आतली पार्टिशन, एक ईएक्सटी४ फॉरमॅटचं रूटसाठी, म्हणजे जिथे मिंट बसतं, आणि रॅम कमी असेल तर थोडं स्वॅप, म्हणजे रॅम पुरली नाही तर वापरायची जागा. लॉजिकलचे नंबर ५ पासून सुरू होतात, एसडीए५ दिसलं म्हणून घाबरू नका. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' (पार्टिशन स्वतः निवडायचा पर्याय) निवडा आणि बूटलोडर, म्हणजे चालू होताना विंडोज की मिंट विचारणारा प्रोग्राम, एसडीएवर टाका, एसडीए५ वर नाही. आणि हे सगळं बॅटरी भरलेली असताना किंवा यूपीएसवर करा, पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, मध्येच गेली तर टेबलाची वाट लागते.

पेनड्राईव्ह लेगसी मोडमध्येच (बूट व्हायची जुनी बायोस पद्धत, नवी ती यूईएफआय) बूट करा, कारण तुमचं विंडोज तसंच टाकलेलं असणार, एक लेगसी एक यूईएफआय असं झालं तर दोन्ही एका मेनूत येत नाहीत. अडलात तर जीपार्टेडचा स्क्रीनशॉट टाका, कुठलं उडवायचं ते बघून सांगतो.