जुन्या पद्मिनीचा एसी हायवेवर थंड आणि सिग्नलला गरम का?

तुमच्या १९८९च्या पद्मिनीला एसी बाहेरून बसवलाय, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तो छान चालतो, सायनला गाडी अडकली की गरम वारा सोडतो, आणि मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं : 'साहेब, गॅस भरू या.' भरू नका. निदान आज तरी नाही. गॅस बराच कमी असता तर हायवेवरही तुम्ही कुरकुर केली असतीत.

आधी हे करून बघा. गाडी सावलीत उभी करा, इंजिन स्लोवर, एसी फुल. गरम वारा यायला लागला की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे असलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलवर, तांब्याने हळूहळू पाणी सोडा. पंख्यापासून हात लांब आणि स्पार्क प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर थेंब नको, नाहीतर एसी राहील बाजूला आणि गाडीच ढकलावी लागेल. दोन मिनिटांत आत गारवा आला, तर गॅस नव्हे, कंडेन्सरवरची हवा कमी पडतेय.

कारण साधं आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन बनलं तेव्हा एसीचा विचार कोणी केला नव्हता. पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर. इंजिन मंद तर पंखाही मंद. पळत्या गाडीला समोरचा वारा सांभाळून घेतो, सिग्नलला तो नसतो.

आमच्या गाडीत मी दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरून घेतला. मग एका रविवारी टॉर्च मारून पाहिलं तर कंडेन्सरच्या पत्र्या धुळीने बुजलेल्या आणि दादरच्या खाऱ्या हवेने खालच्या बाजूला अक्षरशः भुगा झालेल्या. धुऊन उपयोग नव्हता. आताच्या गाड्यांत येतो तसा पॅरलल फ्लो (समांतर चपट्या नळ्यांचा) कंडेन्सर बसवला आणि त्याच्या पुढे १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंखा, कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाच्या, क्लचबरोबर चालू होणारा. पंख्याला करंट देणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) मात्र वेगळा घ्या. गाडीत अजून डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर करा. रात्री हेडलाइट, पंखा आणि क्लच एकदम लागले की स्लोवर डायनॅमो पुरत नाही आणि बॅटरी बसते.

आता गॅसचं. तुमची सिस्टिम मुळात आर-१२ या जुन्या गॅसवर असणार. ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारामुळे तो आपल्याकडे २०१० पासून बंद आहे, त्यामुळे आता त्याजागी १३४-ए हा गॅस भरतात. पण जुनं मिनरल ऑइल १३४-ए मध्ये मिसळत नाही. ते कॉइलमध्ये पडून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो. म्हणून १३४-ए मध्ये मिसळणारं एस्टर ऑइल, ओलावा शोषणारा नवा ड्रायर, जोडांतले नवे रबरी ओ-रिंग, नीट व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा काढणं) आणि मगच गॅस; तोही आर-१२च्या मापापेक्षा थोडा कमी, साधारण ८० ते ९० टक्के. स्वस्तात 'मिक्स' भरतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. त्यात एलपीजीसारखा पेट घेणारा गॅस निघाला तर तो गळून तुमच्या केबिनमध्येही येऊ शकतो.

गॅस दरवर्षी लागत असेल तर तो संपत नाही, गळतोय. जोडांवर तेलकट धूळ दिसते का बघा. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील उभ्या गाडीत सुकतं, म्हणून पावसाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवत जा.

कंडेन्सर घ्यायचा झाला तर जाळीमागची उंची, रुंदी आणि रेडिएटरपर्यंतचं अंतर मोजूनच कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा. मी अंदाजाने आणलेला पहिला दोन बोटं मोठा निघाला. अजून माळ्यावर पडलाय.